भाड्याच्या घरातलं कार्पेट

अम्मी पडली ती फजरच्या वेळी. वजू करून बाथरूममधून हॉलमध्ये येताना शहाबादी फरशीच्या उचललेल्या कडेत तिच्या पायाचं बोट अडकलं आणि ती उजव्या हातावर आपटली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, "कशामुळे पडल्या?" मी पटकन म्हणाले, "पाय घसरला." खरं कारण सांगायला काय हरकत होती, ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा सवय. दोन वर्षं त्या फरशीबद्दल मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

आमचं घर सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला आहे. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे थोडं अंगण. वर घरमालक काका-काकू राहतात. खाली सगळीकडे शहाबादी. आमच्याकडच्या जुन्या घरांत दुसरं काही सापडणं कठीणच, कारण शहाबाद गाव इथून फार लांब नाही, वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गुलबर्ग्याच्या पुढे. उन्हाळ्यात पारा ४०च्या वर गेला की या फरशीसारखं सुख नाही. दुपारी अंग टाकलं की पाठीला गारवा लागतो. पण तिला ओल लागली की पापुद्रे सुटतात, कडा झिजतात आणि एक फरशी खाली, एक वर असं होत जातं. आमच्या हॉलमध्ये अशा सात-आठ होत्या. अम्मी नमाज खुर्चीवर बसून पढते. ती खुर्चीही त्या फरशीवर एका पायानं डुगडुगायची. खाली पुठ्ठ्याची घडी घालून आम्ही दिवस काढत होतो.

मग काकांना का सांगितलं नाही? हे समजण्यासाठी हे घर कसं मिळालं ते सांगायला हवं. या ब्लॉगवर येणाऱ्या बऱ्याच जणांना ते न सांगताही समजेल, पण सगळ्यांना नाही.

आधी आम्ही सात घरं पाहिली होती. फोनवर सगळं ठरायचं: भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. शेवटी "नाव काय म्हणालात?" असा प्रश्न यायचा आणि मग "घरात विचारून कळवतो." एकानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की पुतण्या राहायला येतोय. तो पुतण्या पुढे तीन महिने आला नाही, कारण 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती. मी रोज शाळेला त्याच रस्त्यानं जायची. आठव्या घरी हे काका भेटले. मी मराठी आणि उर्दू शिकवते हे ऐकून त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी माझ्याशी शुद्धलेखनावर अर्धा तास गप्पा मारल्या आणि शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही त्यातल्या वाटतच नाही हो." मी हसले. किल्ली हातात पडायची होती. घर मिळालं. आणि त्या हसण्याबरोबर मी मनातल्या मनात एक अट स्वतःवर घालून घेतली: या माणसाला आपल्याकडून कसलाही त्रास होता कामा नये. नळ गळला तर आपणच दुरुस्त करायचा, बल्ब आपण आणायचा, भाडं १ तारखेला सकाळी पोचलं पाहिजे.

काकांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

प्लास्टर निघालं तेव्हा रमजान महिना-दीड महिन्यावर आला होता. आमच्या मिस्टरांनी आणि मी ठरवलं, फरशीवर कार्पेट टाकून घेऊ. सगळा खर्च आपला. वर काही बोलायचं नाही. हे म्हणाले, "बोलके क्या फायदा? घर मिलनाच मुश्कील, और तू झगडा मोल लेनेकू चली." मलाही ते पटलं होतं.

कार्पेट म्हणजे लोकरीचं नव्हे. आपल्याकडे दुकानात कार्पेट म्हटलं की समोर येतात ते पीव्हीसीचे रोल, ज्यांना कुणी व्हायनल म्हणतं, कुणी मॅट, कुणी नुसतं प्लास्टिक. लाकडाची, संगमरवराची, क्वचित शहाबादीचीसुद्धा छपाई. (शहाबादीवर शहाबादीचं चित्र अंथरणारा कुणीतरी असणारच.) या वस्तूंच्या नावांमध्ये माझ्यासारखीचा जीव रमतो. अरबी-फारसीत 'फर्श' म्हणजे अंथरलेली वस्तू, गालिचा. उर्दूत येता येता तो जमीन झाला आणि मराठीत 'फरशी' होऊन थेट दगड. अंथरणारा तो फर्राश, आणि तंबू-गालिचे ठेवण्याची जागा तो फरासखाना. पुण्यात त्या नावाचं पोलीस ठाणं आहे, तिथं आता कोण काय अंथरतं ते माहीत नाही. सातवीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं अर्धा तास शांत बसतात. दुकानदाराला मात्र यात काडीचाही रस नव्हता. त्यानं विचारलं, "किती फूट?"

मी तीन ठिकाणी भाव काढला. तिन्ही भाव तीन वेगवेगळ्या भाषांत होते.

पहिला म्हणाला, ३२ रुपये फूट, जाडी १.२ मिलिमीटर. स्वस्त वाटलं. आमचा हॉल १० बाय १२, आतली खोली १० बाय १०, म्हणजे २२० चौरस फूट. मी मनात सात हजार धरले. त्यानं कागदावर आकडे मांडले आणि बेरीज आली १२,२३३. ती अशी: रोल दोन मीटर रुंद असतो, म्हणजे साडेसहा फुटांहून किंचित जास्त. १० फूट रुंदीच्या खोलीला दोन पट्ट्या लागणार आणि दुसऱ्या पट्टीतलं तीन फूट वाया गेलं तरी पैसे आपणच भरायचे. त्यानं हॉलला १२ फुटी दोन आणि खोलीला १० फुटी दोन पट्ट्या धरल्या. झाले २८९ फूट. त्यावर १८ टक्के जीएसटी. वर चिकटवायचे ६ रुपये फूट वेगळे.

दुसऱ्याचा भाव '४५० रुपये मीटर'. चौरस मीटर का लांबीचा मीटर, हे विचारल्यावर कळलं की रोलच्या लांबीचा. म्हणजे एका मीटरला साडेएकवीस चौरस फूट माल, फुटाला २१ रुपये. एवढं स्वस्त का, म्हणून मी कडा बोटांत धरून पाहिली. कागदी पुठ्ठ्यासारखी दुमडत होती. जाडी किती, याला उत्तर "मजबूत आहे मॅडम." बिल मिळणार नाही, रोख द्यायचे. खुर्चीचे चार पाय त्याला महिन्याभरात भोकं पाडतील हे मला दिसत होतं.

तिसरं दुकान छोटं. मालक स्वतः बसवायलाही जातो. त्याचा भाव ३६ रुपये, जीएसटी आणि बसवणं धरून, माल तोच १.२चा. पण भाव सांगण्याआधी त्यानं दोन प्रश्न विचारले. "घर स्वतःचं की भाड्याचं?" आणि "घरी येऊन माप घेऊ का?"

तो आला. टेप टाकला आणि पट्ट्या आडव्या धरल्या. म्हणजे हॉलमध्ये १२ फुटी दोन पट्ट्यांऐवजी १० फुटी दोन. १२ फुटांना दोन रुंद्या पुरतात, एकच फूट वाया जातो. हॉलचे १५७ फूट होते ते १३१ झाले. दोन्ही खोल्यांचे मिळून २६२ फूट, रुपये ९,४३२. आतल्या खोलीतून उरणारी तीन फुटी पट्टी ओट्यासमोर अंथरायला तशीच देणार. ज्याचा दर चार रुपये जास्त, त्याचं काम २,८०० रुपयांनी स्वस्त. मी बीएड केलं, वीस वर्षं शिकवते आहे, आणि पट्टीची दिशा बदलून बघावी हे मला सुचलं नव्हतं. त्याच रात्री मुलीला हे गणित घातलं. तिनं चार मिनिटांत सोडवलं, वर "अम्मी, इतना सोपा" हेही ऐकवलं.

घर भाड्याचं म्हटल्यावर तो म्हणाला, "मग चिकटवू नका. गोंद लावला तर निघताना निम्मं फाटणार आणि मालक फरशी खराब केली म्हणून डिपॉझिट कापणार. कडेला आणि जोडाला डबल टेप लावतो. घर सोडाल तेव्हा गुंडाळून न्या."

मग तो बाथरूमच्या भिंतीशी उकिडवा बसला. फरशीवर तळहात ठेवला. म्हणाला, "इथं ओल आहे का?" आणि एक उपाय सांगितला. हातभर प्लास्टिकचा कागद घ्यायचा, फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र हात लावायचा नाही. उचलल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले तर खालून ओल येते आहे. त्यावर कार्पेट टाकलं तर ते पाणी आतच कोंडतं, बुरशी धरते, वास सुटतो, आणि खाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. "मी विकून मोकळा होईन, पण सहा महिन्यांनी तुम्ही मला शिव्या घालाल."

आम्ही दोन तुकडे लावले, एक आतल्या खोलीत, एक हॉलच्या त्या कोपऱ्यात. इशापासून दुसऱ्या दिवशीच्या इशापर्यंत. खोलीतला कोरडा निघाला. हॉलमधल्या तुकड्याच्या आत असे टपोरे थेंब होते की मुलीनं बोटानं त्यावर नाव लिहिलं.

फरशा का उचलल्या होत्या ते आता समजलं. बाथरूमचं पाणी भिंतीखालून हॉलमध्ये येत होतं. दोन वर्षं येत असणार. आणि मी नऊ हजार खर्चून त्यावर लाकडाची छपाई अंथरणार होते, कशासाठी, तर वरच्या मजल्यावर जाऊन एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून. अम्मीचं मनगट मोडलं तरी ते वाक्य मी बोलले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. राग काकांवर नव्हता.

कायदा काय म्हणतो तेही वाचलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्यानं दुर्लक्ष केलं तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरीही झालं नाही तर भाडेकरूनं दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. आमचं भाडं ९,०००, म्हणजे वर्षाला २७,००० पर्यंत. वाचून बळ आलं, पुढच्या ओळीला ओसरलं. हे कलम भाडेकरूबद्दल आहे, आणि करारात उलट काही ठरलेलं नसेल तर. आमचा करार ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. त्यात मी भाडेकरू नाहीच, 'परवानाधारक' आहे, आणि 'किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने स्वखर्चाने करावी' असं छापलेलं आहे. बाथरूमची गळती किरकोळ का मोठी, यावर वकील भांडतील. मला नोटीस द्यायचीच नव्हती. मला जिना चढायचा होता.

रविवारी सकाळी मी तिन्ही भावांचा कागद घेऊन वर गेले. काकूंनी चहा टाकला. मी सगळं क्रमानं सांगितलं: फरशा, अम्मी, प्लास्टिकचा तुकडा. काका चष्मा पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "अहो बाई, दोन वर्षं झाली ना याला? आधी नाही का सांगायचं? माझ्या भिंतीत पाणी मुरतंय."

मी काही बोलले नाही. काय सांगणार? तुम्ही म्हणाला होतात मी त्यातली वाटत नाही, म्हणून? तेव्हापासून मी तशीच वाटत राहावी यासाठी धडपडत होते? हे मराठीत मला फार चांगलं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. काकू माझ्याकडे बघत होत्या, त्यांना थोडं कळलं असावं असं वाटतं, पण ते माझंच मन असेल.

मग काका हिशोबाला बसले आणि तिथं ते पूर्ण घरमालक होते. "बाथरूमचं मी करतो. गवंडी मी लावतो. कार्पेट ही तुमची हौस. ते तुम्ही करा."

"हौस नाही काका," मी म्हणाले. माझा आवाज चढला नव्हता, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा झाला होता. "शहाबादी नवीन घालून देता का? मग मी कार्पेट आणत नाही."

नवीन फरशीचा खर्च त्यांनी मनात केला असावा. थोड्या वेळानं म्हणाले, साडेचार हजार मी देतो, तीन महिने भाड्यात दीड-दीड हजार कमी द्या. कार्पेट तुमचं, जाताना घेऊन जा. मला हे योग्य वाटलं. चिकटवलेलं नसेल तर वस्तू माझीच राहणार, तिचे अर्ध्याहून जास्त पैसे मी द्यावेत यात अन्याय नाही. मी लगेच त्या कागदाच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या, तारीख घातली आणि सहीसाठी पुढे केला.

काकांचा चेहरा उतरला. "विश्वास नाही का बाई?"

मी त्यांना सांगितलं की आमच्यात हे विश्वासाविरुद्ध मानत नाहीत. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सगळ्यांत लांब आयत, ती याबद्दलच आहे: उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. काका हसले, "म्हणजे देवानं सांगितलंय तर!" आणि सही केली. काकूंनी साक्षीदार म्हणून केली. खाली आल्यावर कळलं की दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्या घरात "आमच्यात" हा शब्द उच्चारला होता.

पुढचं पटपट झालं. प्लंबरनं नहाणी ट्रॅपच्या भोवतीचा उखडलेला सांधा दाखवला, पाणी तिथूनच जात होतं. तो त्यानं बंद केला. गवंड्यानं उचललेल्या फरशा काढून पुन्हा सरळ बसवल्या आणि सांधे भरले. घाई करायची नाही असं तिसऱ्या दुकानदारानं बजावलं होतं, म्हणून दहा दिवस पंखा लावून कोपरा वाळवला आणि प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावला. या वेळी मुलीला नाव लिहिता आलं नाही.

पैसे दोन टप्प्यांत दिले. ४,००० आधी, कारण रोल एकदा कापला की परत घेता येत नाही, आणि ५,४३२ काम झाल्यावर. अर्धं काम झालेलं असताना त्यानं बाकी मागितली नाही, मीही आधी देऊ केली नाही. बिल करताना त्यानं विचारलं, "कुणाच्या नावानं? मालकाच्या का?" क्षणभर वाटलं, काकांचं नाव घालावं, उगाच भानगड नको. मग माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्यानं ते इतकं चुकीचं लिहिलं की मी पेन मागून घेतला आणि स्वतः दुरुस्त केलं. ते बिल, सही केलेला कागद आणि करार आता एकाच पिशवीत आहेत.

कार्पेटबद्दल तक्रारी आहेतच. पहिला आठवडा प्लास्टिकचा वास येत होता, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. दुपारचा शहाबादीचा गारवा गेला. मे महिन्यात मला त्याची आठवण येणार. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या घातल्या, नाहीतर खळगे पडतात. एक गोष्ट मात्र कुणी ठरवून केली नव्हती. हॉल लांबीला पूर्व-पश्चिम आहे आणि पट्ट्या आडव्या टाकल्यामुळे त्यांचा जोड दक्षिणोत्तर आला आहे. आमची किब्ल्याची दिशा पश्चिम. तरावीहला मी आणि मुलगी त्या जोडावर टाचा ठेवून उभ्या राहतो, शेजारी अम्मीची खुर्ची. सफ आपोआप सरळ. अम्मीनं आधी त्या रेषेला नाव ठेवलं होतं, "इतने पैसे देके बीच में लकीर?" आता ती खुर्ची स्वतः त्या रेषेला लावून घेते.

मागच्या आठवड्यात काका भाड्याची पावती द्यायला खाली आले. चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन बाथरूमच्या कोपऱ्यात पायानं दाबून पाहिलं, मग हॉलभर एक फेरी मारली. म्हणाले, "आमच्या वरच्या हॉलला किती पडेल हो?" मी दुकानदाराचा नंबर दिला आणि सांगितलं, दर विचारू नका, आधी पट्ट्या कोणत्या दिशेनं टाकणार ते विचारा. त्यांना ते नीट कळलं नाही. रविवारी मी टेप घेऊन वर जाणार आहे.